वाऱ्याच्या खालच्या अंगाला

एसटी स्टँडवर डोक्यावर बंदीची पाटी असताना कुणी सिगरेट पेटवली, की बाकीच्या बायका नाकाला पदर लावून लांब सरकतात. मी आधी वारा कुठून येतोय ते बघते आणि धूर जिकडे जातोय तिकडे जाऊन उभी राहते. यावरून आमच्या घरात मला बोलणी खावी लागतात. "औषधांचं दुकान चालवतेस, गिऱ्हाइकांना सिगरेट सोडा म्हणून सांगतेस, आणि स्वतः फुकटचा धूर खायला जातेस?" असं माझे मिस्टर म्हणतात. त्यांचं खरं आहे. मला धूर कधीच आवडला नाही, आजही आवडत नाही. पण त्या वासाबरोबर एक काळा कोट येतो, माळावरची थंडी येते आणि शेंगदाण्याची चटणीही येते. आता त्या सगळ्याकडे जायला दुसरी वाट राहिलेली नाही.

काळा कोट आप्पा वकिलांचा. आष्ट्यात आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. दिवाणी वकील. उभी हयात बांधाच्या भांडणांत गेली. सख्खे भाऊ, चुलत भाऊ, एक हात सरकलेला बांध आणि वर्षानुवर्षं चालणारी तारीख. माणूस उंच, वाळकुडा, आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत जाणारा. बोलणं सगळं दाव्याच्या मसुद्यासारखं. दुकानात खोकल्याचं औषध मागतानाही ते "सदर खोकला गेले चार दिवस उद्भवलेला असून" अशी सुरुवात करत. खोकला कशानं उद्भवला हे अर्थात साऱ्या गल्लीला माहीत होतं.

या माणसाला आकाशाचं वेड होतं. वेड म्हणजे अगदी वेड. आम्ही सात-आठजण मिळून एक मोठी दुर्बीण केली होती, आरसा स्वतः घासून. अमावस्येच्या जवळच्या शनिवारी ती जीपमध्ये घालून आम्ही कवठेमहांकाळच्या पुढं जतच्या बाजूला एका माळावर जायचो. तिकडं पाऊस कमी, ऊस नाही, म्हणून दिवेही नाहीत. माळ मायाप्पाचा. मेंढरं राखणारं घराणं, आता डाळिंबही लावलेलं. सुरुवातीला खालच्या वस्तीवर चर्चा उठली की आष्ट्याची माणसं अमावस्येला माळावर करणी करायला येतात, संगं बाई बी असती. पोलीस पाटील बघायला आले. आप्पांनी त्यांना शनीची कडी दाखवली. शनी दिसल्यावर पाटील जे घाबरले ते म्हणाले, "ह्ये तर करनीपेक्षा वाईट हाय," आणि घरी जाऊन अंघोळ केली म्हणे.

आमच्या मेळ्यात सिगरेट ओढणारे तिघंच, आणि त्यांतले सर्वांत मोठे गुन्हेगार आप्पा. पण धुराचे सगळे कायदेही त्यांनीच केलेले. अंधाराला सरावलेली नजर म्हणजे लय नाजूक काम. अर्धा तास अंधारात बसावं तेव्हा कुठं डोळा पुरता तयार होतो, आणि एका काडीच्या उजेडात सगळं मातीमोल होतं. शिवाय धूर आरशावर बसतो, पिवळट साय धरते. म्हणून माळाच्या पश्चिमेच्या कडेला एक बसका काळा दगड होता, तिथंच ओढायचं. तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला पडायचा. थंडीत तिकडं वारा बहुतेक पूर्वेचाच. तरीही आप्पा विश्वास ठेवत नसत. त्यांच्या काठीच्या टोकाला मायाप्पाच्या मेंढीच्या लोकरीचा एक धागा बांधलेला असे. उठले की काठी वर धरायची, धागा कुठं उडतो ते चाचपायचं, आणि मग पाऊल टाकायचं. वारा फिरला असेल तर दगड रद्द. मग ते थंडीत कुडकुडत दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहत, पण नियम मोडत नसत.

काडी पेटवायची ती कोटाच्या आत. कोर्टातला जुना काळा कोट ते खास यासाठी घालत. दगडाआड बसून, माळाकडं पाठ करून, कोटाच्या पाखाखाली मान घालायची. पेटल्यावर निखारा मुठीच्या पोटात लपवायचा, सीमेवर शिपाई धरतात तसा. आम्ही कितीही डोळे ताणून बघितलं तरी तिकडं ठिपकासुद्धा दिसायचा नाही. परत आल्यावर तांब्याभर पाण्यानं हात धुवायचे, चूळ भरायची, बडीशेप चघळायची, आणि वास जाईपर्यंत दुर्बिणीला हात लावायचा नाही. कोटाला आतून जळकी भोकं पडलेली. त्यांच्या बायको, आमच्या काकी, ती रफू करायच्या. कोट बाहेरून हायकोर्टाचा आणि आतून गोधडी.

मायाप्पाला हे काही पटत नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात त्यानं आमच्या मधोमध बसून खुशाल बिडी शिलगावली. आप्पा ताडकन उठले.

"मायाप्पा, आपण ती विझवावी, अशी विनंती आहे."

"का वं? रान माजं, बिडी माजी, त्वांड माजं."

"मान्य. सातबारा आपला, बिडी आपली. पण अंधार सामाईक आहे."

मायाप्पानं जरा विचार केला. सामाईक हा शब्द आपल्याकडं शेतकऱ्याला बरोबर लागतो, सामाईक विहिरीच्या पाण्यावरून डोकी फुटतात. त्यानं बिडी दगडावर दाबून विझवली आणि कानावर ठेवली. पुढच्या वेळी सांगलीचा एक नवा माणूस मेळ्यात आला आणि त्यानं खिशातून लायटर काढला, तेव्हा मायाप्पाच त्याच्यावर ओरडला, "ए गड्या, अंधार सामाईक हाय हितं!"

पुण्याहून आलेल्या एका संगणकवाल्या पोराची गोष्ट तर आम्ही अजून सांगतो. त्याच्या तोंडाशी मधूनच निळा दिवा लुकलुकायचा. आप्पांनी विचारलं, "आपल्या तोंडाला काय लागलं आहे?"

"व्हेप आहे काका, ई-सिगरेट. याला धूर नसतो, नुसती वाफ."

"वाफ असेल तर चहा करा."

पोरगं हसलं. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "या वस्तूच्या विक्रीला देशात बंदी आहे. वकील म्हणून मी ती पाहिलेली नाही. तिचा दिवा मात्र पाहिला. आपण दगडाकडं चलावं." आणि स्वतः उठून, काठीनं वारा बघून, त्याला दगडाकडं घेऊन गेले. दोघं तिथं इतका वेळ बसले की पोराला शेवटी नियम पाठ झाले. जाताना त्यानं आप्पांच्या पाया पडून विचारलं, "काका, तुम्ही सोडत का नाही?" आप्पा म्हणाले, "कायदा करणाऱ्यानं आधी गुन्हा समजून घ्यावा लागतो." हे उत्तर ऐकून काकींनी अंधारात जे 'हं' केलं, ते मला अजून ऐकू येतं.

काकींबद्दल सांगितल्याशिवाय आप्पा पुरे व्हायचे नाहीत.

काकी वाळव्याकडच्या. शाळा चौथीपर्यंत. आप्पा साऱ्या जगाशी मसुद्यात बोलत, काकींशी मात्र गावच्या बोलीत. घरात शिरताना चपलांबरोबर मसुदा बाहेर ठेवत असावेत. काकी माळावर यायच्या त्या भाकरी, खर्डा आणि चटणी घेऊन. जमखान्यावर उताणं पडून आभाळ बघायच्या. दुर्बिणीला डोळा लावायला त्यांना आवडायचं नाही. "येका डोळ्यानं काय बगायचं? चोरून बगितल्यागत वाटतंय."

आप्पा उठायला लागले की काठी टेकून उभे राहत आणि न्यायाधीशापुढं उभं असल्यासारखं म्हणत, "परवानगी असावी."

काकी पडल्या पडल्या म्हणत, "जावा. पन त्वांड तिकडं करा."

हा संवाद दर वेळी व्हायचा, शब्द न शब्द तोच. परवानगी मिळाल्याशिवाय आप्पा एक पाऊल टाकत नसत. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की कधी काकींना डुलकी लागली तर आप्पा काठी घेऊन तसेच उभे राहत, आणि कुणीतरी काकींना हलवून जागं करत असे.

थंडीच्या दिवसांत रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला देवयानी आणि त्रिकोण ही नक्षत्रं डोक्यावर येतात. त्यांच्या मध्ये एक दीर्घिका आहे. आपल्या आकाशगंगेसारखीच ताऱ्यांची एक वस्ती, पण इतकी लांब आणि इतकी फिकी की नुसत्या डोळ्यांना दिसली तर माळ काळा आणि नजर चांगली, असं हौशी लोक समजतात. काकींना ती दिसायची, चष्मा नसताना. पहिल्यांदा दिसली तेव्हा त्यांना ती काय आहे ठाऊकही नव्हतं. म्हणाल्या, "तितं कुनी फुंकर घातल्यागत काय हाय?" आम्ही नकाशा काढून बघितलं, तर बरोबर तीच.

त्यानंतर दर हिवाळ्याला काकी आप्पांना दाखवायच्या. "आवं, तिच्याकडं बगू नगासा. जरा बाजूला बगा. मग ती येतीया." फिकी गोष्ट बघायची रीत तीच आहे, पुस्तकातही तेच लिहिलेलं असतं. पण आप्पा म्हणजे साक्षीदाराच्या डोळ्याला डोळा भिडवणारा माणूस. ते मान ताठ करून सरळ रोखून बघत.

"दिसली का?"

"दिसली, दिसली!" आप्पा मोठ्यानं म्हणत, आणि काठी शोधायला लागत.

एकदा ते दगडाकडं गेल्यावर काकी मला हळूच म्हणाल्या, "त्येस्नी दिसत न्हाई बग. लगीच दिसली दिसली म्हनत्यात. ज्येला ती दिसती न्हवं, त्यो आदी गप बसतो."

मी विचारलं, "मग तुम्ही बोलत का नाही?"

"कशाला? बिचारं माज्यासाटी खोटं बोलतंय. कोर्टात न्हाई कवा बोललं."

काकी गेल्या त्या उन्हाळ्याच्या तोंडाला. मिरजेच्या दवाखान्यात पंधरवडाभर होत्या. मी भेटायला गेले तर त्यांचा हात आप्पांच्या हातात होता आणि आप्पा इतके गप्प होते की मला तो माणूसच ओळखू येईना. पुढं महिनाभर त्यांच्या घराची खिडकी बंद. आम्ही माळावर गेलो नाही. कुणी विषयही काढला नाही.

मग एका दुपारी, बाजार उठल्यावर, आप्पा दुकानात आले. काउंटरला टेकून उभे राहिले. मला वाटलं खोकला उद्भवला असेल.

"ताई, ती सिगरेट सोडायची गोळी असते ना, चघळायची. ती द्या."

या माणसाला सोडा म्हणून सांगून डॉक्टर थकले होते, त्यांची पोरगी रडून थकली होती. मी पाकीट काढलं, कसं चघळायचं ते सांगितलं. ते काही जाईनात.

"धुरानं रात्रीची नजर मंदावते, असं वाचनात आलं आहे. खरं आहे?"

"खरं आहे म्हणतात. रक्तातला प्राणवायू कमी होतो, त्याचा पहिला परिणाम अंधारातल्या नजरेवर."

त्यांनी मान हलवली. मग पाकिटाकडं बघत म्हणाले, "मला ती कधीच दिसलेली नाही, ताई. एकदाही नाही. दर वर्षी तिला खोटं सांगत आलो." दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी आवाज खाली आला आणि मसुदा सुटला. "दवाखान्यात म्हनली, या थंडीला माज्या वाटनीची बी बगून या. आता काय करू? ह्येला तर वकीलपत्र चालत न्हाई."

ते रडले नाहीत. मीच रडले. काकींना सगळं ठाऊक होतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते त्या दोघांमधलं होतं. मी ते गिळलं आणि पाकिटाचे पैसे घेतले नाहीत, त्यावरून आप्पांनी माझ्याशी रीतसर वाद घातला.

जाताना पायरीवर थांबून म्हणाले, "आणि एक. धुराचा कायदा माझा नव्हे. पहिल्या वेळी माळावर मी तिच्याशेजारीच ओढत होतो, तर म्हणाली, तुमची ती लाल टिकली तिकडं न्या, मला आबाळ दिसंना झालंय. कायदा तिचा. मी फक्त मसुदा केला."

पावसाळा त्यांचा वाईट गेला. चिडचिड व्हायची, गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा नोटीस देतील असा चेहरा. दर आठवड्याला दुकानात येऊन गोळीची निंदा करत आणि पाकीट घेऊन जात. त्या काळात मी त्यांच्याशी जितकी बोलले तितकी आधी कधी बोलले नव्हते. वारा, दगड, काकींची भाकरी, सगळं पुन्हा पुन्हा निघायचं. दिवाळीच्या सुमाराला त्यांनी गोळीही सोडली.

थंडी पडल्यावर आम्ही पुन्हा माळावर गेलो. माळ तोच राहिला नव्हता. पूर्वेला पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या, त्यांचे लाल दिवे एकदम लागायचे, एकदम विझायचे. आप्पा त्यांच्याकडं बघून म्हणाले, "यांना दगडाकडं कोण नेणार?" कुणी हसलं नाही. मायाप्पानं जमखाना घातला. काकींची बाजू मोकळी ठेवूनच सगळे बसले, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

जेवणं झाली. भाकरी मायाप्पाच्या घरची होती, चांगली होती, पण ती नव्हे. आप्पा काकींच्या जागी उताणे पडले. कोटाची बटणं लावलेली, हात छातीवर. आम्ही दुर्बिणीपाशी कामात असल्यासारखं दाखवत होतो, पण लक्ष सगळ्यांचं तिकडंच. मी मनात नुसतं म्हणत होते, बाजूला बघा आप्पा, सरळ नका बघू.

बराच वेळ गेला. आप्पा मोठ्यानं काही म्हणतील म्हणून मी कान लावून बसले होते. आवाज आला नाही. मला वाटलं झोपले. जवळ जाऊन बघते तर डोळे उघडे, मान किंचित कलती केलेली, आणि डोळ्यांच्या कडेनं कानशिलावर ओघळ आलेला. माणूस गप्प होता.

मी तशीच गुडघ्यावर बसून राहिले. काकींनी सांगितलेली ती एकच खूण मला ठाऊक होती.

खूप वेळानं ते बोलले, माझ्याशी नव्हे. "व्हय गं. हाय की. तू म्हनत हुतीस तितंच हाय."

मी उठून लांब गेले. मायाप्पा डोक्यावरचं मुंडासं काढून नाक पुसत होता.

थोड्या वेळानं आप्पा काठी टेकून उभे राहिले. कोट झटकला. काठी वर धरून लोकरीचा धागा चाचपला. मग सवयीनं, अगदी जुन्या सुरात म्हणाले, "परवानगी असावी."

ते उत्तर द्यायचा अधिकार आमच्यात कुणाला नव्हता. आप्पा उभेच. परवानगीशिवाय ते पाऊल टाकणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. थंडी वाजत होती. शेवटी मीच म्हटलं, "जावा. पन त्वांड तिकडं करा."

आप्पांनी मान लववली आणि पश्चिमेच्या दगडाकडं निघाले.

त्यांच्या खिशात काही होतं की नव्हतं, मला माहीत नाही. पेटवली असती तरी काडी कोटाच्या आत, निखारा मुठीत, आणि वारा आमच्याकडून तिकडं. कळायला मार्ग नव्हता. कायदाच तसा होता. पुढच्या पावसाळ्यात आप्पा झोपेतच गेले. त्या हिवाळ्यानंतर आमचा मेळा एकदाच जमला, आणि मग जमलाच नाही. आता अमावस्येचा शनिवार आला की मी दुकानाचं शटर ओढते, वर आभाळाकडं बघते. आष्ट्यावरून त्रिकोणसुद्धा धड दिसत नाही. मला ती दोघं फार आठवतात.

परवानगी दिली त्या रात्री मी दगडाच्या दिशेनं कितीतरी वेळ रोखून बघत होते. काळा दगड, काळा कोट, काळा माळ, नुसता अंधार. काही म्हणता काही दिसेना. मग मी नजर जराशी बाजूला नेली, बाभळीकडं, आणि आप्पा आले. पाठमोरे, काठी बगलेत, मान वर करून उभे होते.